तलावात सुरू, समुद्रात पूर्ण : रेफरल पद्धतीच्या स्कूबा अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्कूबा डायव्हिंगचे पहिले प्रमाणपत्र, म्हणजेच ‘ओपन वॉटर डायव्हर’, एकाच केंद्रात सलग तीन-चार दिवसांत मिळवता येते. ज्यांची परदेशातली सुट्टी तेवढी लांब नसते, किंवा ज्यांना ती वाचनात आणि तलावाच्या काठावर घालवायची नसते, त्यांच्यासाठी हाच अभ्यासक्रम दोन भागांत करण्याची सोय आहे. वाचन, परीक्षा आणि तरणतलावातला सराव घराजवळच्या केंद्रात करायचा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह प्रवासाला गेल्यावर तिथल्या केंद्रात पूर्ण करायच्या. या सोयीला रेफरल म्हणतात. मी पॅडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम या पद्धतीने पूर्ण केला. दोन्ही केंद्रांबद्दल स्वतंत्रपणे लिहिता आले असते, परंतु माझी तक्रार आणि माझे समाधान या दोहोंचा संबंध त्या दोन केंद्रांमधल्या सांध्याशी आहे, म्हणून परीक्षण मुख्यतः त्या सांध्याचे आहे.

पहिल्या भागात अभ्यासाचे धडे, ५० प्रश्नांची अंतिम परीक्षा आणि तलावातली पाच सत्रे होती. शिवाय न थांबता २०० मीटर पोहून दाखवणे, आणि कशाचाही आधार न घेता १० मिनिटे पाण्यावर तरंगून राहणे आवश्यक होते. पोहण्याला वेळेची मर्यादा नसते, त्यामुळे त्याची फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. माझी अडचण वेगळीच निघाली. पाण्याखाली मास्क पूर्ण काढून, परत लावून, नाकाने हवा सोडून तो रिकामा करायचा हा प्रकार मला काही केल्या जमेना. नाकाला पाणी लागताच मी श्वास रोखत असे आणि वर येण्यासाठी धडपडत असे. घराजवळच्या प्रशिक्षकाने त्यासाठी तीन संध्याकाळी दिल्या. आधी उथळ पाण्यात उभे राहून मास्कशिवाय फक्त रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात पुरवणाऱ्या उपकरणातून, श्वास घ्यायला लावले, मग मास्क अर्धा भरून रिकामा करायला लावला, आणि पूर्ण मास्क काढण्याची वेळ आली तेव्हा त्यात भीतीचे काही उरले नव्हते. रेफरलच्या बाजूने बोलायचे तर माझ्या मते हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. परतीचे तिकीट हातात असताना आणि बाकीचे विद्यार्थी बोटीकडे निघालेले असताना एका मास्कपायी तीन दिवस थांबायला कोणाला सवड असते?

याच केंद्रातली उणीव मात्र मला समुद्रात उतरल्यावर कळली. तिथे जवळजवळ प्रत्येक कौशल्य तलावाच्या तळाशी गुडघे टेकून शिकवले गेले. पाण्यात न बुडता आणि न वर जाता एका पातळीवर स्थिर राहणे, म्हणजे तरंगण्यावरचा ताबा, याला शेवटच्या सत्रातली जेमतेम काही मिनिटे मिळाली. रकान्यात खूण झाली, कारण मी तेवढा वेळ स्थिर राहिले होते. पण समुद्रात तळ प्रवाळाचा असेल तर गुडघे टेकण्याचा प्रश्नच येत नाही.

आता तक्रार. रेफरलचा सगळा व्यवहार एका नोंदपत्रावर चालतो. कोणता धडा, कोणते तलावसत्र कोणत्या तारखेला पूर्ण झाले आणि कोणत्या प्रशिक्षकाने त्याची खात्री केली, हे त्यात लिहिलेले असते, आणि शेवटचा टप्पा पूर्ण झाल्यापासून ते १२ महिने ग्राह्य धरले जाते. माझ्या पत्रात चौथ्या सत्रापुढे ना तारीख होती ना सही. हे मी स्वतः पाहायला हवे होते, पण मी ते पाकिटासह जसेच्या तसे बॅगेत ठेवले आणि थेट परदेशातल्या केंद्राच्या टेबलावर काढले. तिथल्या प्रशिक्षिकेने ते माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचले आणि खुलासा आल्याशिवाय समुद्रात नेणार नसल्याचे शांतपणे सांगितले. मी संदेश पाठवले, फोन केले. घराकडच्या केंद्रातून उत्तर यायला संध्याकाळ झाली. तो दिवस वाया गेला म्हणून मी तेव्हा चिडले होते. आज मी त्या केंद्राला पूर्ण गुण देते ते त्या नकारासाठी. अर्धवट कागद पाहून ‘चालेल, उद्या सकाळी बोटीवर या’ म्हणणारे केंद्र इतर कुठे कुठे डोळेझाक करत असेल याचा विचार करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीआधी पुन्हा तलाव. नोंदपत्र पूर्ण असले तरी स्वीकारणारा प्रशिक्षक विद्यार्थ्याचे ज्ञान आणि कौशल्य आधी तपासून घेतो. साहित्य जोडणे, मास्क, सोबत्याच्या पर्यायी रेग्युलेटरमधून श्वास घेणे, एका पातळीवर तरंगणे, अशी सुमारे तासाभराची ही उजळणी होती. उत्तीर्ण झालेल्या परीक्षेला परत बसवल्यासारखे वाटून मनात थोडा अपमान झाला खरा. पण माझे तरंगणे कच्चे आहे, हे पहिल्या पाच मिनिटांतच तिच्या लक्षात आले आणि उरलेला सगळा वेळ तिने त्यावरच घालवला. श्वास भरला की शरीर किंचित वर जाते, सोडला की खाली येते, आणि हा परिणाम क्षणभर उशिरा जाणवतो. एवढी साधी गोष्ट पुस्तकात वाचूनही मला त्या तासात प्रथमच समजली.

वजनांचे गणितही नव्याने मांडावे लागले. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे माणूस आणि साहित्य मिळून ८० किलो भरत असतील, तर समुद्रात बुडण्यासाठी तलावातल्यापेक्षा साधारण २ किलो शिसे जास्त बांधावे लागते. त्यातून घराकडे मी पोलादी सिलिंडर वापरला होता आणि इथे ॲल्युमिनियमचा मिळाला. असा सिलिंडर हवा संपत आली की तरंगू लागतो. हे कोणी सांगितले नव्हते असे नाही, पण कळले ते पहिल्या डाइव्हच्या शेवटी, वर येण्यापूर्वी सुरक्षिततेसाठी ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे असताना, जेव्हा मी फुग्यासारखी वर निघाले आणि प्रशिक्षिकेने माझा पट्टा धरून ठेवला. दुसऱ्या डाइव्हसाठी तिने मला आणखी १ किलो दिले. ज्यांनी सिलिंडरमधल्या हवेचा दाब पी.एस.आय. या एककात वाचायला शिकला आहे आणि हातात बारचा मापक येणार आहे, त्यांनी ३००० पी.एस.आय. म्हणजे साधारण २०० बार हे आधीच पाठ करून ठेवावे. पाण्याखाली भागाकार सुचत नाही.

चार डाइव्हपैकी पहिल्या दोन १२ मीटरपर्यंत आणि पुढच्या दोन १८ मीटरपर्यंत असतात. तीन मीटरच्या तलावात कानावर येणारा दाब आणि खुल्या समुद्रातला उतार यांत मोठे अंतर आहे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे कानातल्या पोकळीतली हवा निम्म्या जागेत दबते. प्रत्येक मीटरला, दुखायला लागण्याच्या आधीच, नाक दाबून कान मोकळे करण्याची सवय तलावात लागली होती, ती उपयोगी पडली. मास्क काढण्याची कसोटी दुसऱ्या डाइव्हमध्ये आली आणि खारे पाणी डोळ्यांना झोंबले, एवढेच. समुद्रात जे पाहिले त्याचे वर्णन इथे करत नाही. ते कोणत्याही केंद्राच्या सेवेचा भाग नव्हे.

वेळापत्रक आखताना मात्र सावध राहावे. प्रशिक्षणात एका दिवशी तीनपेक्षा जास्त डाइव्ह करता येत नाहीत, म्हणजे चार डाइव्हसाठी किमान दोन दिवस हवेत. सलग अनेक दिवस डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तासांचे अंतर ठेवण्याची शिफारस आहे. मी पूर्ण दिवस ठेवला होता. कागदांच्या गोंधळात एक दिवस गेल्यावरही माझे निभावले ते केवळ मधला एक दिवस रिकामा होता म्हणून. आरोग्याची प्रश्नावली निघण्यापूर्वीच वाचून घ्यावी. त्यातल्या काही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर असेल, तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पाण्यात उतरू दिले जात नाही, आणि परक्या देशात ऐनवेळी डॉक्टर शोधणे फारसे सुखाचे नसते.

खर्च वाचेल या अपेक्षेने हा मार्ग घेऊ नये. दोन्ही केंद्रे आपापले शुल्क घेतात आणि बेरीज सलग अभ्यासक्रमापेक्षा कमी भरेलच असे नाही. वाचतात ते सुट्टीतले दिवस, आणि मिळतो तो न जमणाऱ्या गोष्टीला लागणारा निवांत वेळ. ज्यांना पाण्याची मुळीच भीती नाही आणि ज्यांच्याकडे मोकळा आठवडा आहे, त्यांनी सगळे एकाच ठिकाणी, एकाच प्रशिक्षकाकडे करावे, असेच मी सुचवेन. माझ्यासारख्यांना मात्र हीच पद्धत योग्य आहे. फक्त घराकडचे केंद्र सोडण्यापूर्वी नोंदपत्रातला प्रत्येक रकाना तिथेच उभे राहून वाचावा, त्याचे छायाचित्र स्वतःजवळ ठेवावे, आणि ते परदेशातल्या केंद्राला प्रवासाच्या आधी पाठवून होकार मिळवावा.

प्रमाणपत्र देतो तो शेवटचा टप्पा पूर्ण करून घेणारा प्रशिक्षक, त्यामुळे कार्डावर नाव येते ते त्याचेच. माझ्या मास्कसाठी तीन संध्याकाळी देणाऱ्याचे नाव त्यावर कुठेही नाही. चौथ्या सत्रापुढची सही राहिली होती ती त्याचीच.