कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एक मानसोपचार क्लिनिक: स्वतःचे निदान घेऊन आलेल्या रुग्णाची येथे कशी तपासणी होते

हे क्लिनिक एक अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मॅडम चालवतात आणि आठवड्यातील काही दिवस तेथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही येतात. मी ज्या भाचीबरोबर गेले, तिची ओळख उघड होऊ नये म्हणून क्लिनिकचे नाव देत नाही.

भाची शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. कामात चुका होऊ लागल्या, सांगितलेले लक्षात राहीना, आणि मोबाइलवरील रील्स पाहून आपल्याला एडीएचडी (लक्ष टिकवणे कठीण जाण्याचा, लहानपणी सुरू होणारा आजार) आहे अशी तिची खात्री झाली. इंटरनेटवरील प्रश्नावलीतही गुण जास्त आले, तेव्हा तिने आपल्या लक्षणांची एक वही ठेवायला सुरुवात केली. याआधीच्या एका डॉक्टरांनी "मोबाइल बघून आजार शोधत बसू नका" एवढे सांगून झोपेची गोळी लिहून दिली होती. त्या एका वाक्यानंतर ती कित्येक महिने या विषयावर घरातही बोलायला तयार नव्हती.

येथे मॅडमनी ती वही मागून घेतली आणि सावकाश वाचली. "तुझी निरीक्षणं मला उपयोगी आहेत, आजाराचं नाव मात्र आज ठरवायचं नाही," असे त्यांनी सांगितले, आणि पुढचा जवळजवळ तासभर त्या विचारत राहिल्या. एडीएचडीची लक्षणे वयाच्या बारा वर्षांच्या आधीपासून दिसावी लागतात, म्हणून त्यांनी पुढच्या भेटीला प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तके आणायला सांगितली आणि भाचीच्या परवानगीने तिच्या आईशीही बोलल्या. लहानपणी तशी कोणतीच तक्रार नव्हती. लक्ष न लागणे सुरू झाले ते झोप बिघडल्यानंतर आणि कशातच गोडी वाटेनाशी झाल्यानंतर, हा क्रम त्या बोलण्यातून पहिल्यांदाच आमच्या लक्षात आला.

कमी झोपूनही अंगात प्रचंड उत्साह आहे, बोलणे आणि खर्च आवरत नाही, असा काळ कधी येऊन गेला का, हेही त्यांनी आडून आडून न विचारता स्पष्ट विचारले. बायपोलर आजारात उदासीनतेचा आणि अशा अति उत्साहाचा, म्हणजे उन्मादाचा, काळ येतो; त्यातील उदासीनता वरून साध्या नैराश्यासारखीच दिसते, आणि अशा रुग्णाला केवळ नैराश्यावरचे औषध दिले तर तो उन्मादाच्या अवस्थेत जाऊ शकतो, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. इंटरनेटवर नैराश्याची नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली मिळते, तिच्यात हा प्रश्नच नाही. त्यानंतर वजन, पाळी, थंडी सहन न होणे याविषयी विचारून त्यांनी हिमोग्लोबिन, बी-12 आणि टीएसएच (थायरॉइडचे काम कळण्यासाठीची) या तपासण्या लिहून दिल्या. टीएसएच वाढलेला निघाला. शेवटी निदान झाले ते नैराश्याचे, आणि त्यात कमी काम करणाऱ्या थायरॉइडची भर होती. थायरॉइडसाठी त्यांनी फिजिशियनकडे पाठवले.

पीएचक्यू-9 ही ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्यांनीही मराठीतून भरून घेतली. तिच्यात मागील दोन आठवड्यांविषयी विचारतात, गुण 0 ते 27 असतात आणि 10 किंवा त्याहून जास्त गुण आले तर सविस्तर तपासणी करावी असे मानले जाते. म्हणजे साधन तेच होते, पण ती निदान नसून फक्त चाळणी आहे हे जाणून वापरणारा माणूस समोर होता. माझ्या मते या क्लिनिकचे खरे मोल येथे आहे. भाचीने स्वतःकडे लक्ष दिले नसते, तर ती या दारापर्यंत आलीच नसती. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण 70 टक्क्यांहून जास्त आढळले होते. अशा परिस्थितीत स्वतःहून आलेल्या माणसाला हिणवून परत पाठवणे मला अक्षम्य वाटते.

एडीएचडीची शक्यता मॅडमनी कायमची फेटाळलेली नाही, हे मुद्दाम नोंदवते. शांत स्वभावाच्या मुलींमध्ये हा आजार शाळेत अनेकदा कोणाच्या लक्षातच येत नाही, त्यामुळे मन आणि थायरॉइड दोन्ही सावरल्यावरही लक्ष लागत नसेल तर पुन्हा तपासू, असे त्यांनी केसपेपरवर लिहून ठेवले आहे. पहिल्याच भेटीत आजाराचे नाव न मिळाल्याने भाचीची आई, म्हणजे माझी ताई, थोडी नाराज झाली होती, मला मात्र तो संयमच सर्वात विश्वासार्ह वाटला.

दोन तक्रारी आहेत. स्वागतकक्षात नोंदणी करताना "काय त्रास होतोय?" हे सर्वांसमोर मोठ्याने विचारले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, त्यामुळे ही पद्धत तातडीने बदलावी असे मी तेथे लेखी कळवले आहे. दुसरे म्हणजे सायकॉलॉजिस्टच्या चाचण्यांचे शुल्क वेगळे असते, ते आधी सांगितले जात नाही. वेळ घेऊन गेले तरी बराच वेळ थांबावे लागते, पण आत गेल्यावर रुग्णाला घाई केली जात नाही, म्हणून ते मी खपवून घेते.

जाताना लक्षणे कधी सुरू झाली याची टिपणे, चालू असलेली सर्व औषधे, जुने रक्ताचे अहवाल आणि शक्य असल्यास आपल्याला लहानपणापासून ओळखणारे कोणी बरोबर न्यावे. खाजगी फी परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र कोणत्याही क्लिनिकच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, किंवा 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास सुरू असते आणि तेथे मराठीतून बोलता येते.