महारेराचे संकेतस्थळ: नवख्या गुंतवणूकदाराने नोंदणी क्रमांकापुढे काय वाचावे

गुंतवणूक म्हणून पहिला फ्लॅट घेणारे अनेक जण महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी व नियमन करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जाहिरातीतला नोंदणी क्रमांक खरा असल्याची खात्री करतात आणि तेवढ्यावर निश्चिंत होतात. या उत्तम सार्वजनिक सेवेचा हा फारच तोकडा उपयोग आहे. ‘रेरा नंबर आहे, म्हणजे सरकारची हमी आहे’ हा समज तर सर्वांत महागात पडणारा आहे. नोंदणीचा अर्थ एवढाच, की कायद्याने मागितलेली माहिती बिल्डरने जाहीर केली आहे आणि ती खोटी निघाल्यास तो उत्तरदायी ठरेल. मागितलेला भाव वाजवी आहे का, फ्लॅट भाड्याने जाईल का, याचे उत्तर प्राधिकरण देत नाही आणि ते देणे त्याचे कामही नाही.

खरे मोल प्रकल्पाच्या पानावर आहे. तिथे पूर्णत्वाची मूळ तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही पाहता येतात. ताब्याबद्दल एजंट जे तोंडी सांगतो, त्यापेक्षा या दोन तारखांमधले अंतर अधिक विश्वासार्ह आहे. किती सदनिका विकल्या गेल्या, जमिनीवर कोणाचा बोजा आहे, न्यायालयात कोणते दावे चालू आहेत, हेही तिथेच कळते. मात्र ही माहिती बिल्डरनेच भरलेली असते. म्हणून मालकी हक्काविषयीचा अहवाल डाउनलोड करून आपल्या वकिलाला दाखवावा, असा माझा आग्रह आहे.

पैशांच्या सुरक्षिततेबद्दलही असाच गैरसमज आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, हे अनेकांनी ऐकलेले असते; पण ती रक्कम तिथे अनामतीसारखी पडून राहत नाही. ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरायची असते आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांच्या आधारे, कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात काढता येते. त्यामुळे बांधकामाची प्रगती सांगणारी प्रमाणपत्रे वाचणे हे खाते असल्याचे समाधान मानण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. ‘आधी 20 टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट नंतर करू’ असे कोणी म्हणाले, तर 2016 च्या रेरा कायद्यातील (स्थावर संपदा नियमन कायदा) कलम 13 लक्षात ठेवावे: विक्री कराराची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भावाची तुलनाही पानावर नोंदलेल्या कार्पेट एरियावरूनच (घराच्या आतील वापरण्याजोगे क्षेत्रफळ) करावी, कारण जिना, लिफ्ट अशा सामाईक जागाही धरणाऱ्या ‘सुपर बिल्टअप’च्या आकड्यावर काढलेला प्रतिचौरसफूट दर नेहमीच स्वस्त दिसतो.

या सेवेच्या मर्यादा कायद्यातूनच आल्या आहेत. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे असे छोटे प्रकल्प इथे सापडतीलच असे नाही. जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीसाठी इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीची कागदपत्रे आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतंत्रपणे तपासावेच लागतात. बांधकाम चालू असलेले घर हमखास स्वस्त पडते, या समजाचा हिशेबही इथे होत नाही: त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास 1 टक्का, तर पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही.

तक्रार ऑनलाइन करता येते, ही मोठीच सोय आहे. शुल्क 5,000 रुपये आहे आणि ताबा रखडल्यास व्याज किंवा व्याजासह परतावा मागता येतो. परंतु आदेश हाती आला म्हणजे पैसे आले, असे कोणी धरून चालू नये. बिल्डरने रक्कम दिली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करावी लागते आणि तोवर गृहकर्जाचे हप्ते चालूच राहतात. म्हणून माझी शिफारस अशी आहे, की हे संकेतस्थळ बुकिंगची रक्कम देण्याआधी वापरावे आणि प्रकल्पाचे पान उघडताना त्याच बिल्डरच्या जुन्या प्रकल्पांची पानेही शेजारी उघडावीत.