बोटीवर राहून मरीन सायन्स शिकणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

बरेच महिने झाले मी शिडाच्या रिसर्च बोटीवर राहून शिकतेय, तर आता मत पक्कं झालंय म्हणून लिहितेय. सॅम्पलिंग, म्हणजे समुद्रातले नमुने घेणं, शिकायला याहून भारी जागा नाही, आणि निवांत बसून थिअरी वाचायला याहून वाईट जागा नाही. फिरणं पण होईल म्हणून कोर्स घेणार असाल तर प्लीज आधी नीट विचार करा.

बोट लागते का, हे सगळे विचारतात. लागते. बहुतेकांची दोन-तीन दिवसांत उतरते पण बंदरात थोडे दिवस थांबून परत निघालं की पुन्हा लागू शकते. गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. आणि त्या दिवसांत खाली केबिनमध्ये वाचत बसू नका, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा.

त्यापेक्षा जास्त त्रास झोपेचा. आमच्याकडे 4 तास वॉच (बोटीवरची ड्युटी) आणि 8 तास सुट्टी असं चालतं, ऐकायला मस्त वाटतं पण त्या 8 तासांतच लेक्चर, साफसफाई, रिपोर्ट, जेवण आणि झोप. गोडं पाणी मोजून मिळतं, एकांत जवळजवळ नाहीच, नेट तर धरूच नका, सगळे पेपर निघायच्या आधी डाउनलोड करून ठेवा.

तरी मी हा कोर्स का सुचवतेय, तर रात्रीच्या जाळीमुळे. प्लँक्टन म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, ते पकडायची 200 मायक्रॉन छिद्रांची जाळी (प्लँक्टन नेट) दुपारी ओढली की तिच्या टोकाच्या बाटलीत थोडेसे कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले इवलेसे जीव), बाकी पाणी स्वच्छ. त्याच भागात रात्री ओढली की बाटली धरल्यावर आतलं सगळं वळवळताना दिसतं, मधूनच कोळंबीसारखे छोटे क्रिल टुणकन उडतात, आणि काळोख असेल तर जाळीवर निळे ठिपके चमकतात. दिवसा माशांच्या नजरेला पडू नये म्हणून हे जीव खोल अंधारात असतात आणि रात्री खायला वर येतात, हे आधी वाचलेलं होतंच. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर (आवाजाच्या प्रतिध्वनीने पाण्याखालचं शोधणारं यंत्र) मधेच खोटा तळ दिसायचा तो अशाच जिवांच्या थरामुळे, हेही माहीत होतं. पण स्वतः दोर ओढून, दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून बघितल्यावर ते जे डोक्यात बसलंय ते आता जाणार नाही.

तसंच खोल पाण्याचं. सीटीडी (खोलीनुसार तापमान आणि खारटपणा मोजणारं यंत्र) वर आला की स्क्रीनवर तापमानाचा ग्राफ असतोच, पण वर समुद्र कोमट असताना 500 मीटरवरचं पाणी भरून आणणाऱ्या निस्किन बाटलीची तोटी उघडून पाणी हातावर घेतलं की बोटं गारठतात, थर्मोक्लाइन, म्हणजे पाणी खोलीबरोबर झपाट्याने गार होत जातं तो थर, काय असतो ते तिथेच कळतं. पाणी किती पारदर्शक आहे ते मोजायची सेकी डिस्क तर माझी सगळ्यात लाडकी. 30 सेंटीमीटरची पांढरी तबकडी सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहायची, वर घेताना परत दिसली की परत लिहायची. अँजेलो सेकीने 1865 मध्ये भूमध्य समुद्रात सुरू केलेली पद्धत, बॅटरी नाही काही नाही, आजही चालते.

लॅबबद्दल मात्र कोणी आधी सांगत नाही. हलत्या बोटीवर साधा वजनकाटा भरवशाचा नसतो, त्यामुळे केमिकल जमिनीवरच मोजून पुड्या करून आणावी लागतात आणि प्लँक्टनचं वजन न करता किती पाणी सरकलं त्यावरून आकारमान काढतात. मायक्रोस्कोप कमी पॉवरवर चालतो, जास्त पॉवरला इंजिनच्या थरथरीने चित्र स्थिर राहत नाही. साध्या डिशमध्ये जीव इकडून तिकडे वाहतात आणि एकच दोनदा मोजला जातो, म्हणून नागमोडी खाचेचा बोगोरोव्ह ट्रे हवाच. ज्यांना बारीक ओळख, जनुकांचं काम वगैरे करायचंय त्यांना हे अपुरं पडेल, त्यांनी किनाऱ्यावरची लॅबच बघावी.

बाकीच्यांनी प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. विंच (दोर गुंडाळायचं यंत्र) आणि जाळी विद्यार्थी स्वतः चालवतात की क्रू चालवतो आणि पोरं नुसती बघतात, आणि बोटीवरून उतरल्यावर डेटा आपल्याला वापरायला मिळतो का. आमच्याकडे मिळतो, आणि रात्र-दिवसाच्या त्या जाळ्यांवरच माझा प्रोजेक्ट चालू आहे.