आलं कुठे लावायचं: माडांत, पोफळीत की आंब्याच्या कलमांत?

कोकणातल्या वाडीवाल्याला आल्याचा मोह पडतो तो बहुतेक साताऱ्याकडची शिवारं बघून. तिथलं आलं उघड्या रानात, ठिबकवर, एकरी आठ-दहा क्विंटल बेणं घालून केलेलं असतं. झाडांखाली तो हिशेब चालत नाही. आल्याला विरळ सावली मानवते, साधारण २५ ते ३० टक्के. त्याहून दाट झाली तर पाला हिरवागार दिसतो आणि खाली गड्डा बारीक राहतो.

माडांच्या बागेत सगळं वयावर असतं. पहिली सात-आठ वर्षं ऊन भरपूर. तिथून पंचविशीपर्यंत झावळ्या खाली आणि दाट, जमिनीवर नुसते कवडसे. या काळात आल्याच्या वाटेला जाऊ नका. पंचविशीनंतर माड उंच जातात, तिरपं ऊन खाली पोचतं आणि बाग पुन्हा आल्याजोगी होते. साडेसात मीटरवर लावलेले एकरी ७० माड धरा. प्रत्येक बुंध्याभोवती दोन मीटर मोकळे ठेवायचे, कारण माडाच्या बहुतेक मुळ्या तिथेच असतात. आळ्यात आलं लावलं तर काढणीला कुदळ थेट मुळांवर पडते. चर, पायवाटा वजा केल्या की वाफ्यांना जेमतेम अर्धा एकर मिळतो, म्हणून बेणंही चार-पाच क्विंटलच घ्या. जमेची बाजू पाण्याची: पाऊस सरल्यावर माडांना पाणी सुरू होतं, आल्यालाही तेव्हाच लागतं. आणि माकडं आल्याला सहसा तोंड लावत नाहीत. शहाळी राखून थकलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

पोफळीबद्दल, म्हणजे सुपारीच्या बागेबद्दल, थोडक्यात. २.७ मीटरवर लावलेली एकरी साडेपाचशे झाडं, मुळं वरच्या थरात पसरलेली. नव्या लागवडीत पहिली दोन-तीन वर्षं दोन ओळींत एखादा अरुंद वाफा निघतो, पण तिथे बहुधा सावलीसाठी केळ आधीच उभी असते. जुन्या बागेत अंधार आणि ओल दोन्ही जास्त. मी तिथे लावणार नाही.

कलमांचा विचार मात्र नीट करायला हवा, कारण वरवर तीच जागा सर्वांत चांगली दिसते. दहा मीटरवर एकरी ४० कलमं, पहिली चार-पाच वर्षं मधे सगळं मोकळं. पण कलमं कातळात खड्डे मारून लावली असतील तर माती खड्ड्यापुरतीच असते, आणि आल्याला दीड फूट भुसभुशीत जमीन हवी. माती असली तरी पुढे पाण्याचं भांडण आहे. धरत्या हापूसला मोहोर यायला पावसाळ्यानंतर ताण बसावा लागतो आणि नेमकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलं गड्डा भरत असतं, त्याला पाणी हवं. एकाला दिलं तर दुसऱ्याचं नुकसान. तेव्हा कलमं धरायला लागेपर्यंतच आलं, नंतर बंद.

तिन्हीकडे खरी धास्ती कंदकुजीची. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात सपाट वाफ्यातलं बेणं नासतं. गादीवाफा फूटभर उंच, चर उताराकडे. बेणं लिटरला ३ ग्रॅम मँकोझेब या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवायचं. लावल्यावर गिरिपुष्पाचा पाला किंवा झावळ्या वर पसरायच्या. त्याच वाफ्यात तीन वर्षं पुन्हा आलं नको, आणि वांगी, मिरची, टोमॅटो झालेल्या जागीही नको, मर रोग मातीत राहतो. इथे जुनी माडबाग पुन्हा सरस ठरते: तिचे चार पट्टे पाडून दर वर्षी एक घेता येतो, ऊन तेवढंच राहतं. कलमांत दुसऱ्या फेरीपर्यंत सावली वाढलेली असते.

तुमच्याकडे पंचविशी ओलांडलेले माड आणि नवी कलमं दोन्ही असतील तर माडांत लावा. फक्त कलमंच असतील तर मेपूर्वी चार ठिकाणी पहार मारून बघा. फुटावर खडक लागला तर बेण्याचे पैसे वाचले.