जिनिंगच्या दारात तपासणीची गाडी: यंत्रं बरी, वार चुकीचा

कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांच्या, आवारात आरोग्य तपासणीच्या गाड्या दिसू लागतात. सकाळी नागपूरहून निघायचं, संध्याकाळपर्यंत पन्नासेक कामगार उरकायचे आणि आठवड्याने पीडीएफ पाठवायची, असा त्यांचा शिरस्ता. हा आढावा अशाच एका गाडीच्या कामाचा आहे. तंत्रज्ञ तयारीचे आहेत, यंत्रं बरी आहेत, डॉक्टर औद्योगिक आरोग्याचा एएफआयएच अभ्यासक्रम केलेले आहेत. घोडं अडतं ते गाडी कोणत्या वारी येते आणि निकाल कोणाच्या हातात जातो, या दोन गोष्टींवर. मालकाचा डॉक्टरवर आणि कामगाराचा दोघांवरही भरवसा बसायचा की उडायचा, हे इथेच ठरतं.

आधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची फुंकायची तपासणी. या गाडीत सकाळी पहिल्या कामगाराआधी ३ लिटरची सिरिंज लावून यंत्र तपासतात आणि आकडा वहीत लिहितात. तो २.९१ ते ३.०९ च्या मध्ये यायला हवा. बाहेर गेला तर त्या दिवशीच्या सगळ्या फुंका वाया. ही वही मागून बघा. ती दाखवायला खळखळ करणाऱ्याला पुढची तारीख देऊ नका. उंची चपला काढून मोजतात, हेही बरोबर, कारण अपेक्षित आकडा उंचीवरून निघतो. निदान तीन चांगल्या फुंका हव्यात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोहोंत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. नवखा माणूस पहिल्या दोनतीन वेळा गाल फुगवतो, मध्येच खोकतो, नळीच्या कडेने हवा सोडतो. समजावून, दम खाऊ देऊन घ्यायचं तर माणशी दहा मिनिटं धरा. पन्नास माणसं म्हणजे पाचशे मिनिटं, सव्वाआठ तासांच्या वर. एका यंत्रावर दिवसात शंभर कामगार ‘करून देतो’ म्हणणारा काय करून देतो, हे मालकाने ओळखावं. ही गाडी दोन यंत्रं आणते.

खोटा कागद ओळखणं तसं सोपं आहे. प्रत्येकाचा आलेख मागा. खऱ्या फुंकीचा आलेख कड्यासारखा वर चढतो आणि उताराने खाली येतो. खोकला आला असेल तर मध्ये खाच दिसते. पन्नास जणांचा बीपी १२०/८० असेल आणि वजनं सगळी पाचाच्या पटीत, तर तपासणी गाडीत झालेली नसून टेबलावर झालेली आहे.

आता वाराचं. गाडीवाले सुट्टीचा वार देतात आणि मालकालाही तो आवडतो, कारण रेचे, म्हणजे सरकी वेगळी करणारी यंत्रं, थांबवावे लागत नाहीत. पण कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची सुरुवातीची खूण अशी, की सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरत जातो तसं बरं वाटतं. म्हणून त्या पहिल्या दिवशी पाळीआधी एकदा आणि पाळी सुटल्यावर एकदा फुंकून घ्यायचं आणि पहिल्या सेकंदाच्या हवेत किती घट झाली ते बघायचं. सुट्टीच्या दिवशी घेतलेल्या फुंकीत ही घट दिसणारच नाही. कागद मात्र ‘नॉर्मल’ येतो आणि मालक निर्धास्त होतो.

कानाची तपासणी पाळीआधीच हवी. त्याआधी १४ तास गोंगाट कानावर पडलेला नको, नाहीतर तात्पुरता आलेला बधिरपणा कायमचा म्हणून नोंदला जातो. गाडीत बंद खोली आहे, पण गाडी उभी केली गाठी बांधायच्या प्रेसच्या भिंतीला लागून आणि जनरेटर चालू ठेवला, तर त्या खोलीला अर्थ राहत नाही. गाडी धर्मकाट्याकडे, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्याकडे, लावा आणि वीज ऑफिसातून द्या. रक्त आणि डोळ्यांच्या तपासणीबद्दल तक्रार नाही.

खरा बिघाड लिफाफ्यात आहे. ही सेवा साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल सगळं एकाच पीडीएफमध्ये घालून दिवाणजीच्या व्हॉट्सॲपवर टाकते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात घरोघरी माहितीचा आहे. कोणाला काय निघालं हे दुपारपर्यंत मुकादमाला कळतं आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही. पुढच्या वेळी गाडी दिसली की निम्मे कामगार चहाला जातात. मालकाला चार रकान्यांचा कागद पुरतो: नाव, काम, शेरा आणि पुन्हा तपासणीची तारीख. शेरा फिट, अटींसह फिट किंवा तूर्त अनफिट एवढाच. अट म्हणजे ‘रेच्याजवळ नको, काट्यावर चालेल’ इतकी उघड. आजाराचं नाव बंद लिफाफ्यात, कामगाराच्या हातात, त्याला वाचता येईल अशा भाषेत. सिकलसेलची चाचणी कामगाराला विचारल्याशिवाय पॅकेजमध्ये घालूच नये.

मालकही धुतल्या तांदळाचे नाहीत. ‘सगळे फिट लिहा, चेक आजच न्या’ ही भाषा या धंद्यात चालते. पैसे निकालाशी बांधूच नका: अर्धे तपासणीच्या दिवशी, उरलेले अहवाल आल्यावर सात दिवसांत. गाडीला आधी यादी द्या, त्यात वय आणि नेमकं काम लिहा: रेच्यावर कोण, रुईच्या गोदामात कोण, कचरा झाडायला कोण. ठेकेदाराची माणसं त्यातून वगळू नका. डॉक्टरांनी सुरुवातीला जिनिंगमध्ये फेरी मारली, पण रेच्यांपर्यंतच; धूळ साचते ती खोली आणि सरकीचा ढीग राहिला. एक गोष्ट पहिल्याच भेटीत बोलून घ्यावी: बिसिनोसिस हा कायद्याने सरकारला कळवायचा आजार आहे. डॉक्टर तो कळवणारच. नंतर कळलं की मालकाला दगा वाटतो.

शेवटची त्रुटी नोंदींची. प्रौढ माणसाची पहिल्या सेकंदाची हवा वयामुळेच वर्षाला साधारण ३० मिलीने घटते. धुळीने जास्त घटतेय का, हे त्याच माणसाच्या मागच्या आकड्याशी ताडून कळतं. ही गाडी दर हंगामात नवे अनुक्रमांक टाकते. बालाघाटहून दरवर्षी येणारा तोच कामगार एका फाइलीत सतरा नंबर, दुसऱ्या फाइलीत एकेचाळीस. त्यामुळे त्याचे दोन आलेख शेजारी ठेवायचे म्हटले, तर आधी दिवाणजीला जुना हजेरीपट शोधायला बसवावं लागतं.