पेट स्कॅनरची तपासणी: जर्मेनियम-६८ की फ्लोरिन-१८?
पुण्यातल्या पेट-सीटी केंद्रात (इथे किरणोत्सारी द्रव्य टोचून शरीराची चित्रे घेतात) सकाळी पहिल्या रुग्णाआधी स्कॅनरमध्ये ठेवायला जर्मेनियम-६८चा सीलबंद फँटम (रुग्णाच्या जागी ठेवायचा, किरणोत्सारी द्रव्य भरलेला चाचणीचा नमुना) सोयीचा, कारण त्याचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे २७१ दिवसांचा असल्याने रोज भरण्याची कटकट नसते. मात्र रुग्णाची मात्रा मोजणाऱ्या डोस कॅलिब्रेटरमधली चूक त्याला दिसत नाही.

फ्लोरिन-१८च्या फँटमसाठी सिरिंज आधी डोस कॅलिब्रेटरमध्ये मोजतात, फँटममध्ये रिकामी झाल्यावर पुन्हा मोजून उरलेली मात्रा वजा करतात आणि मगच स्कॅन घेतात, त्यामुळे दोन्ही उपकरणांचा हिशेब एकमेकांशी ताडला जातो. अर्धायुकाल ११० मिनिटांचा असल्याने दोन्हीकडच्या घड्याळांत १० मिनिटांचा फरक असला (आणि तो सापडतोच!) तरी सुमारे ६ टक्के चूक होते. रोजच्यासाठी जर्मेनियम पुरे. एसयूव्हीच्या (शरीरातल्या एखाद्या भागाने टोचलेले द्रव्य किती शोषले ते दाखवणाऱ्या) आकड्यावर उपचार ठरणार असतील, तर दर तिमाहीला फ्लोरिनचा खटाटोप मी टाळणार नाही.