गोळ्या, गोठवणं की जाळणं? एट्रियल फिब्रिलेशनचा निर्णय घेताना

एट्रियल फिब्रिलेशनवर, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल होण्याच्या आजारावर, ‘क्रायो करून घ्या’ (ठोके बिघडवणारा भाग गोठवून घ्या) असं डॉक्टरांनी सुचवलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यशाची टक्केवारी किती? माझ्या मते त्याआधी विचारावं, की यश म्हणजे नेमकं काय मोजलंय.

कॅनडातल्या ‘अर्ली-एएफ’ चाचणीचंच बघा. ३०३ रुग्ण, काहींना ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांचं थेट क्रायो केलं. सगळ्यांच्या कातडीखाली ठोके टिपणारं यंत्र. वर्षभरात क्रायोवाल्यांपैकी ४२.९ टक्के लोकांचे ठोके पुन्हा बिघडले. आकडा ऐकून धस्स होतं. पण तिथे अवघे ३० सेकंद ठोके चुकले तरी ‘अपयश’ धरलं होतं, मग ते झोपेत का असेना! गोळ्यांच्या गटात हाच आकडा ६७.८. आणि ज्यांना प्रत्यक्ष त्रास जाणवला, ते क्रायोनंतर ११ टक्के, गोळ्यांवर २६.२. तीन वर्षांनी आजार कायम ठाण मांडून बसलेले १.९ टक्के विरुद्ध ७.४. मला हा शेवटचा आकडा सर्वात बोलका वाटतो. मात्र हे रुग्ण आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावरचे होते. ठोके महिनोन्‌महिने बेतालच असतील, डावं अलिंद (हृदयाचा वरचा डावा कप्पा) मोठं झालं असेल, तर एवढी आशा धरू नये.

गोठवायचं की रेडिओलहरींच्या उष्णतेनं जाळायचं? ७६२ रुग्णांच्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत (२०१६) दोन्ही जवळपास बरोबरीत सुटले: आजार उलटण्याचं प्रमाण क्रायोनंतर ३४.६ आणि जाळल्यावर ३५.९ टक्के. पुन्हा अब्लेशन (गोठवण्याची किंवा जाळण्याची ही प्रक्रिया) करायची वेळ मात्र क्रायोनंतर कमी जणांवर आली, ११.८ विरुद्ध १७.६ टक्के. क्रायोत एक्स-रे थोडा जास्त लागला.

क्रायोचा खास धोका म्हणजे श्वासपटलाची नस. जांघेतून नेलेला फुगा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरेच्या तोंडाशी फुगवतात आणि आत नायट्रस ऑक्साइड सोडून तीन-चार मिनिटं गोठवतात. उजवीकडच्या शिरांजवळूनच ही नस जाते. म्हणून तिला मुद्दाम विजेचे ठोके देत राहतात आणि एक जण रुग्णाच्या पोटावर हात ठेवून श्वासपटलाचे झटके मोजतो. झटका मंदावला, की गोठवणं तिथल्या तिथे बंद. ‘फायर अँड आइस’मध्ये क्रायोनंतर घरी जाताना २.७ टक्के लोकांची नस दुखावलेली होती, वर्षाअखेर एकाचीच.

आता पल्स्ड फील्डही (विजेच्या क्षणिक झटक्यांनी करायचं अब्लेशन) आलंय. २०२५च्या स्विस चाचणीत ते क्रायोपेक्षा सरस ठरलं (ठोके पुन्हा बिघडलेले ३७.१ विरुद्ध ५०.७ टक्के). तरी नुसत्या यंत्राच्या नावावर डॉक्टर बदलू नये. त्यांचा हात कशावर बसलाय ते आधी विचारावं.

एक गैरसमज मात्र सगळीकडे भेटतो: अब्लेशन झालं, आता रक्त पातळ करणारी गोळी सुटली. ती निदान दोन-तीन महिने घ्यावीच लागते. पुढे ती चालू ठेवायची का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात बघून ठरतं. ठोके सुधारले म्हणून नाही. त्याच दोन-तीन महिन्यांत धडधड परत आली तर डॉक्टरांना कळवा, पण ती अपयशात धरत नाहीत.